कॅमेरा मराठवाड्यात एप्रिलमध्येच का येतो?

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ऊसतोड कामगारांवरचा माहितीपट दाखवला गेला, तेव्हा मी प्रेक्षकांत होतो. पाऊण तासाचा चित्रपट संपला, दिवे लागले आणि एक निवृत्त शिक्षक उठून उभे राहिले. "तुम्हाला आमच्याकडं दुसरं काही दिसतच न्हाई का? आमच्या लेकरायनं हेच बघायचं का जन्मभर?" मागच्या रांगेतून एका तरुण कार्यकर्त्याने लगेच उत्तर दिले, "गुरुजी, यात खोटं काय आहे ते सांगा." पुढचा दीड तास याच दोन वाक्यांभोवती भांडण चालले. एका बाजूला बदनामी, दुसऱ्या बाजूला वास्तव. पुण्याहून आलेली दिग्दर्शिका खाली मान घालून ऐकत होती. हा वाद मी लातुरात ऐकला आहे, परभणीत ऐकला आहे, आणि दर वेळी तो याच खाचेत जाऊन अडकतो. दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक असतात, दोन्ही बाजू मराठवाड्यावर माया करणाऱ्या असतात, आणि तरीही वाद चुकीचा होतो. म्हणून हे लिहितो आहे.

माझे म्हणणे असे. दुष्काळ, शेतकरी आत्महत्या, ऊसतोड यांवर माहितीपट व्हायलाच हवेत, आणखीही व्हायला हवेत. पण आठ जिल्ह्यांच्या, दोन हजार वर्षांचा इतिहास असलेल्या एका प्रदेशाला आपण एकच विषय दिला आहे. आणि ज्या प्रदेशाला एकच विषय मिळतो, त्याचा तो विषयसुद्धा नीट दिसत नाही. दुष्काळाचे चित्र खोटे नसते; भोवतालचा मुलूख कापून टाकल्यामुळे ते न कळणारे होते.

गुरुजींच्या रागात तथ्य आहे, हे आधी मान्य करू. त्याच त्या चित्राचा परिणाम होतो आणि तो चित्रपट करणाऱ्यांना भोगावा लागत नाही. पुण्यात खोली भाड्याने घ्यायला गेलेल्या मुलाने जिल्ह्याचे नाव सांगितले की समोरच्याचा चेहरा बदलतो. सोयरीक जुळवताना "पाणी आहे का तुमच्याकडं?" हा प्रश्न पहिला येतो. दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. कॅमेरा येतो एप्रिल-मे महिन्यांत. विहिरी तळाला गेलेल्या, शिवार काळेभोर उघडे पडलेले, टँकरभोवती झुंबड. चार दिवस चित्रण होते आणि गाडी परत जाते. ज्यांच्यावर चित्रपट होतो त्यांना तो बहुधा कधीच पाहायला मिळत नाही. मी स्वतः एका गावात पाहिले आहे : विहिरीतून हंडा भरून वर आलेल्या बाईला कॅमेरावाल्याने सांगितले, "ताई, उजेड नीट नव्हता, एकदा पुन्हा उतरा." ती उतरली. पाहुण्याला नाही म्हणायचे नाही, एवढ्यासाठी उतरली. हा दोष आपल्याकडच्या नवशिक्यांचाच आहे असे नाही. माहितीपटाच्या जगात ज्यांना आद्य मानतात त्या रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी १९३४ मध्ये आयर्लंडजवळच्या अॅरन बेटांवर चित्रपट केला. त्यात बेटावरचे कोळी भाल्याने अजस्र शार्क मारताना दिसतात. प्रत्यक्षात ती पद्धत बेटांवर कधीचीच बंद पडली होती. चित्रणासाठी ती लोकांना नव्याने शिकवावी लागली. बाहेरून येणारा माणूस मनात चित्र ठरवूनच येतो आणि मग ते सापडेपर्यंत शोधत राहतो. सापडले नाही तर उभे करतो.

मग दाखवूच नका, हा उपाय होतो का? या उपायाची परीक्षा देशाने पूर्वीच घेतली आहे. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंचे भारतावरचे कुप्रसिद्ध पुस्तक आले, तेव्हा गांधीजींनी त्याला गटारे तपासणाऱ्या निरीक्षकाचा अहवाल म्हटले. हे वाक्य आपल्याला पाठ असते. त्याच लेखात त्यांनी पुढे असेही लिहिले की परदेशी वाचकाला या पुस्तकाचा उपयोग नाही, पण प्रत्येक भारतीयाने ते वाचले तर त्याचा थोडा फायदाच होईल. हे मात्र आपण विसरतो. निंदकाचा हेतू वाईट असू शकतो हे त्यांनी ओळखले, आणि गटार आपल्याच अंगणात आहे हेही नाकारले नाही. याच्या उलट वाट सरकारने १९७० मध्ये धरली. लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाने भारतात फिरून केलेली माहितीपटांची मालिका बीबीसीने दाखवली. देशाची प्रतिमा मलिन होते म्हणून सरकारने आक्षेप घेतला आणि बीबीसीला दिल्लीतले कार्यालय बंद करावे लागले. पुढे दोनच वर्षांत महाराष्ट्राने १९७२ चा दुष्काळ पाहिला. लोक खडी फोडायला गेले, मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन दिवस काढले. प्रतिमा जपण्यासाठी केलेल्या त्या आटापिटीचा खडी फोडणाऱ्या माणसाला काय उपयोग झाला?

आता कार्यकर्त्याकडे वळतो. त्याची बाजू मला गुरुजींच्या बाजूपेक्षा अवघड वाटते, कारण ती माणुसकीची आहे. तो म्हणतो, घर जळत असताना भिंतीवरची नक्षी दाखवत बसायचे का? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्यांनी देश हादरला. सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कुणी बदनामीच्या भीतीने गप्प बसले असते तर हा आकडा कधीच पुढे आला नसता. अशा वेळी पक्षी, कापड, किल्ले यांवर चित्रपट करणे म्हणजे चैन, असे त्याला वाटते. मला हा युक्तिवाद झटकून टाकता येत नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती मी मान्य करत नाही. दुःख तेवढे खरे आणि बाकीचे सगळे सजावट, असे तो मानून चालतो.

याला काही अंशी आपली भाषाही जबाबदार असावी. जुना शब्द अनुबोधपट, आताचा माहितीपट. एकात बोध आहे, दुसऱ्यात माहिती. दोन्ही शब्दांना फळ्याचा आणि खडूचा वास आहे. म्हणून आपण गृहीत धरतो की असा चित्रपट एक तर काही शिकवील, नाही तर कशाची तरी जाणीव करून देईल. पण या कलेचा आपल्याकडचा उगम पाहा. १८९९ मध्ये सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. मग माकडवाला आणि त्याची माकडे. १९०१ मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन आलेल्या परांजप्यांचे मुंबईतले स्वागत. आणि दादासाहेब फाळक्यांनी पहिला कथापट करण्याआधी, १९१२ मध्ये, भांडवल देणाऱ्याला आपले कसब पटवण्यासाठी काय दाखवले? कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या दाण्याला कोंब फुटतो आणि त्याचा वेल होतो, एवढेच. दिवसांमागून दिवस थोडे थोडे चित्रण करून त्यांनी ती अंकुराची वाढ पडद्यावर आणली. कुस्ती, माकडे, एका विद्वानाचे परतणे, एक वाटाणा. या देशातल्या वास्तवदर्शी चित्रणाचे पहिले विषय हे आहेत. जे डोळ्यांसमोर असून दिसत नाही ते दाखवणे, एवढी एकच अट या माणसांनी पाळली. ती अट आपण कधी सोडली?

विषय पसरला की दुःख पातळ होते, ही भीतीही खरी नाही. शौनक सेन यांच्या २०२२ च्या गाजलेल्या माहितीपटात दिल्लीतले दोन भाऊ जखमी घारींवर तळघरात उपचार करतात. चित्रपट घारींचा आहे. पण घारी आकाशातून खाली का पडतात हे पाहता पाहता दिल्लीची हवा कळते, आणि त्या भावांच्या घरातल्या बोलण्यातून शहरात मुरत चाललेले भयही कळते. घोषणा एकही नाही. प्रदूषणावरच्या एखाद्या कळकळीच्या चित्रपटाने माझ्यावर जेवढा परिणाम केला नसता तेवढा त्या पक्ष्यांनी केला.

उलट उदाहरण आपल्या लातूरचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. १० वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवशी देशभरचे कॅमेरे लातूर स्टेशनवर उभे होते. ते दृश्य सगळ्यांना आठवते. पण त्या दृश्याने लातूरच्या पाण्याबद्दल नेमके काय सांगितले? मांजरा धरण का आटले, धरणाच्या वर आणि खाली किती ऊस उभा होता, तामिळनाडूतून आलेल्या बोअरच्या गाड्या किती वर्षे रात्रंदिवस जमीन पोखरत होत्या, हातावर नारळ ठेवून पाणी सांगणारा पाणाड्या एका बोअरचे किती घेतो आणि ते कोरडे गेले तर शेतकरी पुन्हा त्याच्याचकडे का जातो, यातले एकही त्या रेल्वेत नव्हते. पाणाड्यावर कुणी तासाभराचा माहितीपट करावा. तो दुष्काळावरचा नसेल, श्रद्धेवरचा आणि कर्जावरचा असेल. पण तो पाहिलेल्या माणसाला लातूरची रेल्वे समजेल.

हे मी केवळ तर्काने सांगत नाही. किल्लारीचा अनुभव समोर आहे. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसे गेली. जगभरचे कॅमेरे आले, ढिगारे आणि चिता घेऊन परत गेले. पण माणसे भूकंपाने मेली की घराने? आमच्याकडची जुनी घरे माळवदाची. दगडमातीच्या हात-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी सरे, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत शिरले की अंग निवते. मे महिन्याच्या दुपारी माळवदाखाली झोपलेल्या माणसाला या घराचे मोल सांगावे लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून राखणाऱ्या याच घराने त्या पहाटे माणसांना गाडले. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, आखीव चौक, सुटीसुटी घरे. जुन्या गावात आळी होती, वाडा होता, कुणाच्या ओट्यावर कुणी बसायचे आणि कुणी नाही बसायचे याचे निर्दय नियमही होते. नव्या आखणीत ते नियम मोडले का, की तेही नव्या जागी वसले? आणि मातीला भ्यालेली माणसे सिमेंटच्या तापणाऱ्या छताखाली गेली तीस वर्षे उन्हाळा कसा काढतात? एका घराची गोष्ट सांगता सांगता यात भूगर्भ येतो, हवामान येते, जात येते, बाईचे दिवसभराचे काम येते. ढिगाऱ्याच्या चित्रणात यातले काय आले होते?

असे विषय मोजायला बसलो तर हाताची बोटे पुरत नाहीत. सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराला, जमिनीखालून खापरी नळांनी पाणी आणले. ती नहर-ए-अंबरी ज्या शहराखाली आहे तिथे आज लोक नळाला पाणी येण्याचा वार लक्षात ठेवतात. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत लाल कंधारी आणि देवणी वळूंचे मोल ठरवताना जाणता माणूस नेमके काय पाहतो? नांदेडच्या खादी समितीत राष्ट्रध्वज तयार होतो, तो शिवणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो? जायकवाडीच्या पाणपसाऱ्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. त्याच धरणात ज्यांची गावे बुडाली त्यांना ते पक्षी कसे दिसतात? जालन्याच्या लोखंडी सळईच्या भट्ट्यांपुढे उभे राहणारे हात कुठून येतात? तुळजापूरच्या वाटेवर पोत घेऊन निघालेल्या आराधी बाईला घरात जो मान मिळत नाही तो त्या वाटेवर मिळतो का?

आणि काही विषयांना वेळच उरलेला नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले तेव्हा विशीत असलेला माणूस आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. दर वर्षी आपण झेंडा लावतो, स्वामी रामानंद तीर्थांचे नाव घेतो. रझाकारांनी गाव पेटवले तेव्हा ज्वारीच्या कणग्यांमागे लपलेल्या मुलीने काय पाहिले, हे किती जणींकडून आपण टिपून घेतले? तसेच निजामाचे राज्य संपवणाऱ्या भारतीय सैन्याच्या 'पोलिस कारवाई'नंतर काही भागांत मुसलमानांवर जे गुजरले त्याची चौकशी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिचा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) आणि नांदेडकडच्या खेड्यांत त्या दिवसांच्या आठवणी दबक्या आवाजात अजून सांगितल्या जातात. दोन्ही आठवणी एकाच गावातल्या आहेत, कधी कधी एकाच गल्लीतल्या. मला यात मुक्तिसंग्रामाचा अवमान दिसत नाही; स्वातंत्र्य मिळालेल्या माणसाने खरे ऐकण्याचे बळ बाळगावे, एवढी अपेक्षा दिसते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याच्या नामांतराचेही असेच. १९७८ चा विधिमंडळाचा ठराव आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार यांमध्ये सोळा वर्षे आहेत. जाळलेल्या वस्त्यांतून पळालेली आणि पुन्हा त्याच गावात राहायला आलेली कुटुंबे त्या सोळा वर्षांत शेजाऱ्याशी काय बोलत होती? बदनामी की वास्तव या भांडणात हे प्रश्न कुठल्या बाजूला बसवणार?

इथे गुरुजी आनंदाने म्हणतील, बरोबर, चांगलेही दाखवा. नाही. मी त्यांना अपेक्षित असलेले चांगले मागत नाही. "सकारात्मक मराठवाडा" या नावाखाली जे तयार होते ते आकाशातून फिरणाऱ्या ड्रोनचे चित्रण, वेरूळची लेणी, मागे बासरी आणि शेवटी कुणाचे तरी आभार. ज्या वर्षी मराठवाडा मुक्त झाला त्याच १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले. त्यातून काही अप्रतिम काम झाले, धाडसी दिग्दर्शक घडले. पण मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवलेल्या धरणांच्या आणि कारखान्यांच्या कौतुकाने दोन पिढ्यांना माहितीपट म्हणजे कंटाळा हे शिकवले, हेही तितकेच खरे आहे. पैसा ज्याचा, त्याच्या पलीकडे कॅमेरा सहसा वळत नाही. १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये झोपडपट्टीतल्या रहिवाशांना प्रथमच स्वतःच्या तोंडाने बोलू देणारा एक माहितीपट निघाला. बायका थेट कॅमेऱ्यात पाहून घरातल्या उंदरांबद्दल सांगतात. फार मोठी गोष्ट होती ती. पण पैसा गॅस उद्योगाचा होता, आणि चित्रपटाला उत्तर सापडले ते नव्या, सोयींनी सज्ज सदनिकांत. भाडे वाढवणाऱ्या मालकांचे काय, हे त्याने फारसे विचारले नाही. यशोगाथेचा चित्रपट आणि अश्रूंचा चित्रपट एकमेकांचे शत्रू वाटतात, पण का हा प्रश्न दोघेही टाळतात.

मग हे करणार कोण, आणि कशाच्या बळावर? मोबाइल आहे, आता कुणीही करू शकतो, असे सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. यंत्र स्वस्त झाले, वेळ झाला नाही. आनंद पटवर्धनांनी रमाबाई आंबेडकर नगरातल्या १९९७ च्या गोळीबारापासून सुरू केलेला चित्रपट पुरा व्हायला १४ वर्षे लागली. आपल्याकडच्या पोराने घरची शेती सांभाळून इतकी वर्षे कशी काढायची? म्हणून मागणी नेमकी हवी. संभाजीनगरात विद्यापीठाचे नाट्यशास्त्र आणि पत्रकारितेचे विभाग आहेत, दर वर्षी अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव भरतो. आठ जिल्ह्यांतल्या आठ जणांना वर्षभर पोटापुरते पैसे देऊन, विषय त्यांचा त्यांना ठरवू देऊन, तयार झालेला चित्रपट आधी ज्या गावाचा त्या गावात आणि मग महोत्सवात दाखवायचा, एवढे करणे अशक्य नाही. गावात आधी, ही अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपल्याबद्दल काय म्हटले आहे हे जगाआधी आपल्याला कळले तर निम्मा राग तिथेच निवतो, आणि उरलेला राग दिग्दर्शकाला उपयोगी पडतो.

त्या दिवशी सभागृहात हे घडताना मी पाहिले. दीड तासाच्या भांडणात शेवटच्या रांगेतल्या एका बाईंना कुणी बोलू दिले नव्हते. त्या स्वतः दहा हंगाम ऊस तोडून आलेल्या. दिग्दर्शिकेनेच त्यांच्याकडे माइक नेला. त्या म्हणाल्या, "ह्या पोरीनं दाखिवलं ते समदं खरंय. फड तसाच असतो, कोपी तशीच असती. पण आमी उचल कशापायी घेतली, ते इचारलंच न्हाई यात." मग त्यांनी बसल्या जागी सांगितले : थोरलीचे लग्न, नवऱ्याचे ऑपरेशन, दुबार पेरणी. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ मिळालेली उचल, ती फिटेपर्यंत त्याचाच शब्द, आजारी पडले तर खाड्याचा दंड. मग त्या दंडाला भिऊन दर महिन्याचा त्रास कायमचा संपवण्याचा डॉक्टरांचा सल्ला. सारे एका दमात आले, आणि पाऊण तासाच्या चित्रपटात जे कळले नव्हते ते पाच मिनिटांत कळले. गुरुजी ऐकत होते. कार्यकर्ताही ऐकत होता. बदनामी हा शब्द नंतर कुणी काढला नाही.

बाहेर निघताना दिग्दर्शिकेने त्या बाईंना विचारले, पुन्हा यायचे झाले तर कधी येऊ? त्यांनी दसऱ्यानंतरचा फड सांगितला नाही, एप्रिलही सांगितला नाही. म्हणाल्या, "जूनमधी ये. पेरणी तोंडावर असती, हातात पैसा नसतो, आन्‌ मुकादम दारात येतो. तवा ये."